राज्यव्यापी किशोर आरोग्य संस्था कशी काढावी : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

किशोरवयीनांच्या आरोग्यासाठी संस्था काढायला किशोरवयीन मुलं लागत नाहीत. सात मोठी माणसं लागतात. सोसायटी नोंदणीचा कायदा १८६० चा. तो सात सह्यांवर अडून बसतो, आणि सही करणारा अठरा पूर्ण केलेला असावा हे ओघानं आलंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं किशोरवय म्हणजे १० ते १९ वर्षं. म्हणजे शेवटची दोन वर्षं सोडली तर ज्यांच्यासाठी संस्था काढायची त्यांची सही तिच्या कागदावर चालत नाही. हे एका परीनं बरंच आहे. सही मागितली की माणूस आधी वाचायला मागतो.

तेव्हा सात जण जमवा. एक डॉक्टर हवा, म्हणजे लेटरहेडला वजन येतं. एक सीए हवा. स्वतःच्या संस्थेचं ऑडिट त्याला करता येत नाही, पण कोण करील हे तो सांगतो. एक वकील. एक निवृत्त अधिकारी, ज्याचा फोन आला की मंत्रालयात अजून कुणीतरी उचलतं. ही पात्रता निवृत्तीनंतर फार टिकत नाही, म्हणून घाई करा. एक प्राध्यापक, कारण इतिवृत्त कुणीतरी शुद्ध लिहायला हवं. एक महिला. पहिल्या सभेत तिच्याकडे बघून ‘अजून एक-दोन भगिनी घ्यायला हव्यात’ असं म्हणायचं असतं. ते इतिवृत्तात नोंदवून ठेवावं, दरवर्षी उपयोगी पडतं. सातवे तुम्ही.

महाराष्ट्रात सोसायटी नोंदली की १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली ती विश्वस्त संस्था म्हणूनही नोंदली जाते. एकाच पोराची दोन बारशी. त्यानंतर कार्यकारिणीत कुणी आलं, गेलं किंवा वारलं की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज टाकायचा असतो. माणूस जातो लवकर, अर्ज निकाली निघायला वेळ लागतो. जुन्या संस्थांच्या कागदावर स्वर्गवासी सदस्य बरीच वर्षं कारभार बघत असतात. यावर इलाज म्हणून काही जण कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली ना-नफा कंपनी काढतात. तिथे दोन संचालकांत भागतं, आणि ‘ट्रस्टी’ऐवजी ‘फाउंडर’ म्हणवून घेता येतं.

घटनेतल्या उद्दिष्टांच्या कलमात किशोरवयीन आरोग्य लिहा आणि तिथे थांबू नका. वाचनालय, व्यायामशाळा, वृक्षारोपण, वृद्धाश्रम, पाणलोट, शेळीपालन प्रशिक्षण, सगळं घाला. पुढेमागे पैसा कशासाठी येईल सांगता येत नाही, आणि घटना दुरुस्त करत बसण्यापेक्षा शेळ्या आधीच घातलेल्या बऱ्या.

बोधचिन्हात एक मुलगी घ्या. दोन वेण्या, दोन्ही हात आभाळाकडे, मागे अर्धा सूर्य. मुलगा घेऊ नका. मुलगा घेतला की त्याला काय झालंय असं लोक विचारतात, आणि त्याचं उत्तर संस्थेकडे नसतं.

नकाशा

कचेरी पुण्यात. हे ठरवायला सभा लागत नाही. पुण्यापासून गडचिरोली नऊशेच्या आसपास किलोमीटर. तेवढ्या अंतरावरून प्रश्न नीट मांडता येतात.

‘राज्यव्यापी’ या शब्दाला नवशिका घाबरतो. जिल्हे ३६, त्यातला शेवटचा पालघर १ ऑगस्ट २०१४ ला झाला, तालुके साडेतीनशेच्या वर, कुठे कुठे जायचं? घाबरू नका. महसुली विभाग फक्त सहा आहेत: कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर. प्रत्येक विभागाच्या ठिकाणी एकेक एकदिवसीय कार्यशाळा घ्या, चहा-जेवणासह, आणि नकाशावर सहा ठिपके द्या. ठिपका जरा ठसठशीत काढला की शेजारचे दोन-तीन जिल्हे त्याच्याखाली येतात.

साहित्य एकदाच आणि एकाच मराठीत छापा. धडगावात घरी पावरी बोलतात, मेळघाटात कोरकू, भामरागडला माडिया, मालेगाव-भिवंडीत उर्दू. पण छपाईचा दर पाच हजार प्रतींपुढे उतरतो, आणि दराला भाषा कळत नाही. फ्लिपचार्टमधली आई सोफ्यावर बसलेली असते आणि मुलीला हिरव्या पालेभाज्या, मोड आलेली कडधान्यं, खजूर आणि सफरचंद खायला सांगते. खजुराचा भाव विचारणारी मुलगी प्रत्येक वर्गात एक असते. तिला ‘गूळ-शेंगदाणेही चालतील’ असं सांगून पुढचं पान उलटा.

वेळापत्रकाचं मात्र एक दुखणं आहे, आणि तिथे जरा थांबायला हवं. बीडच्या बालाघाटी पट्ट्यात दसरा-दिवाळी झाली की ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतात, ती मार्च-एप्रिलात परततात. मुकादम उचल देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असला तर अर्धा. पंधरा-सोळाची पोर आजीजवळ गावात ठेवायची तर जिवाला घोर, बरोबर न्यायची तर फडाजवळच्या कोपीत ना दार ना कडी. लग्न लावून दिलं तर घोरही मिटतो आणि एक कोयता नवा तयार होतो. या हिशेबात अज्ञान कुठे आहे ते शोधून पाहा. आईबापांना कायदा ठाऊक असतो, वय ठाऊक असतं, लवकर बाळंतपणाचा धोकाही ठाऊक असतो. आईला तर स्वतःवरूनच ठाऊक असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९–२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. पाचांत एकीहून जास्त.

आता तुमचा प्रकल्प बघा. देणगीदाराचे पैसे सप्टेंबरात येतात, माणसं ऑक्टोबरात नेमली जातात, आणि बालविवाह प्रतिबंधाची सत्रं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बसतात. त्या महिन्यांत ज्या मुलींसाठी सत्रं आखली त्या उसाच्या फडात वाढं बांधत असतात. वर्गात उरलेल्या मुलींना बालविवाहाचे दुष्परिणाम सांगा. त्यांच्या घरी त्यांच्या लग्नाचा विचार नसतो, त्यामुळे त्या शांतपणे ऐकतात आणि शेवटच्या चाचणीत चांगले गुण मिळवतात.

विषयांची निवड

केंद्र सरकारनं ७ जानेवारी २०१४ ला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला तेव्हा सहा विषय नक्की केले: पोषण, लैंगिक आणि प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, असंसर्गजन्य आजार, इजा आणि हिंसा, व्यसनं. प्रपोजलमध्ये सहाही लिहायचे, करताना निवड करायची.

मासिक पाळी घ्याच. पॅडचा फोटो काढता येतो. राज्य सरकारनं २०१८ च्या महिला दिनी अस्मिता योजना काढली आणि जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत पाकीट देऊ केलं, म्हणजे विषय आता सभ्य झालेला आहे. पॅड वाटा. ते बदलायला शाळेच्या संडासाला आतून कडी आहे का, नळाला पाणी आहे का, वापरलेलं टाकायचं कुठे, हे बांधकामाचे प्रश्न झाले, आपण आरोग्यवाले.

व्यसन म्हटलं की शपथ. सगळ्या शाळेनं उजवा हात पुढे करून तंबाखू न खाण्याची शपथ घेतली की विषय संपतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि विदर्भात सुपारी-तंबाखू-चुना प्लॅस्टिकच्या कागदात घोटून खर्रा करणारा शाळेच्या फाटकापासून फार लांब बसत नाही. त्याच्याकडे बघू नका. शपथ द्यायला आलेल्या पाहुण्याच्या खिशाकडेही नको.

मानसिक आरोग्य सध्या चलतीत आहे. १४४१६ हा टेलि-मानस मदतवाहिनीचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवून घ्या. फोन कुणाचा वापरायचा, आणि बाप समोर बसलेला असताना काय बोलायचं, हे भिंतीवर मावत नाही.

राहिला लैंगिक आरोग्याचा विषय. तो ‘जीवनकौशल्ये’ या मथळ्याखाली घाला, ‘आत्मविश्वास’ आणि ‘वेळेचं नियोजन’ यांच्या मधे. २००७ साली राज्यात शाळांतल्या लैंगिक शिक्षणावरून केवढा गदारोळ झाला आणि बंदी आली, ते शिक्षण खात्यातल्या जुन्या माणसांना चांगलं आठवतं. मुख्याध्यापकांकडे परवानगीला गेलात की ते आधी चहा मागवतील, मग म्हणतील, ‘उपक्रम छानच आहे हो सर, पण आमच्या शाळेत तसलं काही नाही.’ वाद घालू नका. हिमोग्लोबिन तपासू म्हणा. रक्त काढायला कुणी हरकत घेत नाही.

सरकारचं काय?

नवशिक्यांना एक धोक्याची सूचना. आपल्या राज्यात हे काम करणारी यंत्रणा आधीपासून आहे. उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक या नावानं किशोरांसाठी वेगळी सोय करायची असं धोरण आहे, समुपदेशकाचं पद आहे, गावात साथिया, म्हणजे समवयस्क शिक्षक, नेमायचे आहेत, आशाताई आहेत, शाळा तपासायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं आहेत. तो कार्यक्रम तर २०१३ साली पालघरमधूनच देशभर सुरू झाला. प्रपोजल लिहिण्याआधी चुकूनही मैत्री क्लिनिकमध्ये जाऊ नका. ते नीट चालताना दिसलं तर तुमच्या संस्थेची गरज उरत नाही. चालत नसलं तर ते चालवायला तिथेच जाऊन बसावं लागेल, समुपदेशकाच्या खुर्चीशेजारी, आठवड्यामागून आठवडा. आणि त्या खोलीच्या दारावर तुमचं बोधचिन्ह लावू देणार नाहीत.

निळ्या गोळीचंच घ्या. किशोरांना आठवड्याला एक लोहाची गोळी द्यायची: ६० मिलीग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड, रंग निळा. गरोदर बायकांची लाल, लहान मुलांची गुलाबी. शिवाय वर्षातून दोनदा जंताची गोळी. औषध स्वस्त, शास्त्र जुनं, पुरवठा बऱ्याचदा होतो. आणि तरी त्याच पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींत रक्तक्षय होता ५७ टक्क्यांवर.

यात गोम काय आहे ते कुठल्याही शाळेतल्या बाई सांगतील. गोळी उपाशीपोटी घेतली की मळमळतं. एखादीला उलटी होते, तिच्या मैत्रिणीला ती बघून होते, तासाभरात चौथी ते दहावीच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘विषबाधा’ जाते आणि दुपारी फाटकाशी मोटारसायकली उभ्या राहतात. त्यानंतर गोळ्या कपाटात राहतात आणि रजिस्टरात खाल्ल्या जातात. दुसरं म्हणजे लोहानं शौचाला काळं होतं. हे आधी सांगितलं नाही तर मुलगी घाबरते, आणि ही गोष्ट ती कुणाला विचारणार? पोषण आहार झाल्यावर गोळी द्या, लगेच वर चहा नको, काळं होईल ते लोहाचं, घाबरायचं नाही, मळमळ पहिले दोन-तीन आठवडे वाटली तर वाटेल. चार वाक्यं आहेत. ती दर आठवड्याला, त्याच वर्गात, मुलींचा विश्वास असलेल्या माणसानं म्हणायला हवीत. यात नवीन काही नाही. नवीन नसलेल्या गोष्टीला पायलट म्हणता येत नाही, आणि पायलट म्हणता आलं नाही तर पैसे मिळत नाहीत. म्हणून तुम्ही अॅप काढा.

अनुभवी संस्थांकडून काही शिकावं का? फार नाही. जामखेडला आरोळे हे डॉक्टर दांपत्य १९७० मध्ये गेलं आणि तिथेच राहिलं. राणी आणि अभय बंग १९८६ पासून गडचिरोलीत आहेत. राणीताईंचं ‘तारुण्यभान’ शिबिर मुलामुलींना समोर बसवून शरीराबद्दल उघड बोलतं, तेही कुठलाच प्रश्न न वगळता. पैठण तालुक्यातल्या पाचोडच्या संस्थेनं किशोरी मुलींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्याचा वर्ग चालवला, गावातल्याच बाईकडून, शाळा सुटलेल्या मुलींनाही धरून. पुढे तिथल्या मुलींचं लग्नाचं मध्यम वय सोळावरून सतरावर गेलं. एक वर्ष! एवढ्याची स्लाइड कशी करणार? सोळाव्या वर्षी आणि सतराव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीत जो फरक असतो तो बाळंतपणाच्या खाटेवर दिसतो. आलेखावर ती बारीकशी पायरी दिसते. या सगळ्या मंडळींत एक समान दोष आहे. ती एका जागी राहिली, आणि राज्यव्यापी व्हायचं त्यांना फार उशिरा सुचलं.

पैसा

कंपनी कायद्याचं कलम १३५ नफ्यातल्या मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चायला लावतं. हे दोन टक्के घ्यायला तुम्ही सीएसआर-१ हा नोंदणीचा अर्ज भरायचा, आणि बाहेरच्या संस्थेला अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. अनुभवाला पैसा हवा, पैशाला अनुभव. ही कोंडी फोडायचे मार्ग आहेत: कुणा मेव्हण्याची झोपी गेलेली जुनी संस्था जागी करा. उद्दिष्टांत शेळ्या घालणारे आपण पहिलेच नव्हतो हे तेव्हा कळतं.

परदेशी देणगीचा नाद सध्या नको. त्यालाही तीन वर्षं, त्यात पंधरा लाखांचा खर्च दाखवायचा, आणि खातं दिल्लीला संसद मार्गावरच्या स्टेट बँकेतच उघडायचं.

कंपनीला काम हवं असतं ते कारखान्याच्या आसपास. त्यामुळे चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी इथल्या किशोरवयीनांच्या आरोग्याचे प्रश्न अतिशय गंभीर असतात. अक्कलकुव्यात कारखाना नाही.

‘प्रति लाभार्थी खर्च’ हा आकडा फार महत्त्वाचा. तो खाली आणायला खर्च कमी करावा लागत नाही, लाभार्थी वाढवावे लागतात. पत्रक हातात पडलं, लाभार्थी. परिपाठाला रांगेत उभा होता, लाभार्थी. एकच मुलगी विद्यार्थिनी म्हणून एकदा, साथिया म्हणून एकदा, तपासणी झालेली म्हणून एकदा आणि ‘अप्रत्यक्ष’ म्हणून तिच्या घरच्या पाच जणांसकट एकदा मोजता येते. खर्च खरोखरच कमी करायचा असेल तर तालुका समन्वयकाचं मानधन आहे. करार अकरा महिन्यांचा ठेवा, पेट्रोल ‘समावेशक’ लिहा. त्याच्या गाडीवर जेवढं पेट्रोल तेवढा तुमचा कार्यक्रम राज्यव्यापी, पण हे त्याला कळू देऊ नका.

प्रश्नपेटी

आता प्रत्यक्ष सत्र. मुलग्यांना मैदानावर सोडा. मुलींना एका वर्गात घ्या, दार लोटा, खिडक्यांवर चढलेल्या मुलग्यांना शिपायाकडून हाकला. ते जे ऐकायला चढले होते ते त्यांना पुढच्या सहा महिन्यांत मोबाईलवर मिळेल, तिथे खिडकी नाही आणि शिपाईही नाही.

तासाच्या शेवटी प्रश्नपेटी फिरवा. बुटाचा खोका, वर फट, नाव लिहायचं नाही. इथे नवशिक्यानं जपून राहावं, कारण एवढा वेळ खाली मान घालून बसलेल्या मुली एकदम लिहायला लागतात, वहीची पानं टराटर फाटतात. चिठ्ठ्या बारीक घड्या घालून येतात. एक बाजू दुसरीपेक्षा लहान आहे, हा आजार आहे का. पांढरं जातं त्यानं हाडं झिजतात असं आजी म्हणते. पाळी तीन महिने आली नाही आणि मी काही केलेलं नाही. मामा अंगाला हात लावतो, आईला सांगितलं तर ती मलाच मारेल. माझं लग्न ठरतंय, सरांना सांगून थांबेल का. कधी मुलग्यांचा वर्ग घेतलाच तर तिथे हस्तदोष, उंची, मिसरूड, स्वप्नात होतं त्यानं ताकद जाते का, आणि एखादी चिठ्ठी फक्त ‘मला मुलगे आवडतात’ एवढीच, तिला प्रश्नचिन्हसुद्धा नसतं.

हे प्रश्न नवे नाहीत. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, आणि याच मतांपायी गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी गमावली. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला उभा राहिला तो वाचकांनी विचारलेल्या खाजगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे होते, तरी दंड झाला. लेखांचं एक वेळ चालून जातं. अंगावर येतात ती उत्तरं. कर्व्यांना हे उमजलं नाही असं नाही. त्यांनी मासिक चालूच ठेवलं. तुम्ही मात्र हा धोका पत्करू नका. चिठ्ठ्या मोजा. किती आल्या ती संख्या अहवालात लिहा, प्रश्न लिहू नका. जमलं तर पाळी, आहार, अभ्यास, इतर असं वर्गीकरण करून गोल आलेख काढा. ‘इतर’चा तुकडा सर्वांत मोठा येईल, त्याला फिकट रंग द्या.

मामाची चिठ्ठी उरते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं अठराच्या आतल्या मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळली की कळवणं बंधनकारक आहे, कलम १९. न कळवणाऱ्याला शिक्षा, कलम २१. आणि सत्राच्या सुरुवातीला तुम्हीच म्हणालात, ‘इथलं बोलणं या खोलीबाहेर जाणार नाही.’ शिवाय कायद्याच्या नजरेत मामा आणि सतरा वर्षांच्या मुलीचा सतरा वर्षांचा मित्र यांत कळवण्यापुरता भेद नाही, म्हणून मुली हळूहळू काहीच सांगेनाशा होतात, मामाबद्दलही. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीची ओळख डॉक्टरनं कळवताना उघड करायची गरज नाही असं म्हणून एक फट ठेवली, ती डॉक्टरपुरती. खोक्यातल्या बिननावाच्या चिठ्ठीचं काय करायचं, मुलगी शोधायची कशी, शोधली तर घरी काय होईल, बालकल्याण समिती किती लांब आहे, चाइल्डलाइनचा १०९८ लावला तर जीप गावात येईल तेव्हा अख्खं गाव बघेल त्याचं काय, यावर कार्यकर्तीला निदान दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि रात्री फोन उचलणारं एक माणूस लागतं. तुमच्या प्रशिक्षणात या विषयाला पंधरा मिनिटं आहेत, जेवणाआधीची.

नेहमीच्या शंका

*क्लिनिकची वेळ काय ठेवावी?* ओपीडीचीच ठेवा, सकाळची. शाळेची वेळ तीच असते, त्यामुळे गर्दी होत नाही.

*शाळेत न जाणाऱ्या मुलांपर्यंत कसं पोचावं?* शाळेमार्फत.

*मूल्यमापन कुणाकडून करून घ्यावं?* आधीची चाचणी सत्राच्या आधी आणि नंतरची सत्र संपल्या संपल्या घ्या. सहा महिन्यांनी घेणारे लोक भेटतात; त्यांना बोलावू नका.

*हिमोग्लोबिन आठच्या खाली निघालेल्या मुलीचं पुढे काय?* तिला कार्डावर लाल शिक्का मारून प्राथमिक आरोग्य केंद्राची चिठ्ठी द्या. केंद्र बारा किलोमीटरवर असेल तर चिठ्ठी दोन्ही बाजूंनी भरा, म्हणजे गांभीर्य वाटतं.

*एखादी मुलगी स्वतःहून कचेरीत आली तर?* सहसा येत नाही. आलीच तर आधी बाहेरच्या टेबलावरच्या रजिस्टरात नोंद करून घ्या. नाव, गाव, मोबाईल, कुणाला भेटायचं आणि ‘कामाचे स्वरूप’ असे रकाने आहेत. सगळे भरायला लावा. रजिस्टर दिवसभर उघडंच ठेवायचं असतं, पुढच्या माणसाला पान शोधावं लागू नये म्हणून.